परदेशातलं कॉफी शॉप बघायला जाताय? भिंत कमी बघा, काउंटर जास्त बघा



"सर, मला कॅफे टाकायचाय. पुढच्या महिन्यात परदेशात फिरायला चाललोय. तिथली चांगली कॉफी शॉप्स बघून येतो. नेमकं काय बघू?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. व्हिडिओमध्ये मी थोडक्यात उत्तर दिलं होतं, पण बारा मिनिटांत सगळं बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हा प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात आयुष्यात एकदाच येणारा पैसा असतो. वडिलांच्या निवृत्तीचा फंड, विकलेल्या दोन गुंठ्यांचे पैसे, आईने गहाण ठेवलेलं सोनं. परदेशातून माणूस मोबाइलमध्ये चारशे फोटो घेऊन येतो. इंटेरियरवाल्याला दाखवतो आणि म्हणतो, "असंच पाहिजे." सिमेंटची भिंत, पिवळे बल्ब, काळा बोर्ड, सगळं हुबेहूब होतं. फक्त तिथे गर्दी का होती, ते कारण फोटोत आलेलं नसतं. सहा महिन्यांनी दुकानाच्या काचेवर 'भाड्याने देणे आहे' लागतं.

म्हणून आज आपण शिकणार आहोत की स्पेशालिटी कॉफी शॉपमध्ये गिऱ्हाईक म्हणून कसं जायचं आणि दुकानदाराच्या नजरेने काय बघायचं. उदाहरणाला मी ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न घेतोय. मावसबहिणीकडे गेलो होतो तेव्हा तिथली बरीच दुकानं पायाखाली घातली. पण पद्धत तुम्ही सिंगापूरला वापरा, टोकियोला वापरा, नाहीतर बंगळुरूला वापरा, सारखीच आहे.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे नक्की काय?

महाग कॉफी म्हणजे स्पेशालिटी कॉफी नव्हे. वर क्रीम आणि चॉकलेट सॉस ओतला म्हणूनही ती स्पेशालिटी होत नाही.

हा शब्द एर्ना नुट्सन या अमेरिकेतल्या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ साली एका व्यापारी मासिकात वापरला आणि तिथून तो रुजला. त्यांचं म्हणणं साधं होतं. विशिष्ट हवामानात, विशिष्ट भागात पिकलेल्या कॉफीला स्वतःची वेगळी चव असते, तेव्हा ती सगळ्या मालात मिसळून टाकू नका. आपल्याकडे रत्नागिरीचा हापूस इतर आंब्यांपेक्षा वेगळा मानतात, तसंच.

पुढे याला मोजमाप आलं. प्रशिक्षित परीक्षक कच्च्या बियांचा नमुना भाजून, चाखून १०० पैकी गुण देतात. ८० किंवा त्याच्या वर गुण आले, तर त्या कॉफीला स्पेशालिटी म्हणायची रूढ पद्धत आहे. पाकिटावर देश, भाग, शेतकरी किंवा मळा, कॉफीची जात, बी वाळवायची पद्धत आणि भाजल्याची तारीख लिहिलेली असते. चिकोरी नसते.

म्हणजे इथे गिऱ्हाईक दोन गोष्टींचे पैसे देतं. एक, माल कुठून आला याची खात्री. दुसरी, तो माल कपात येईपर्यंत बिघडवला नाही याची खात्री. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

मेलबर्नच का?

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून हजारो लोक ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. येताना ते एस्प्रेसोची सवय घेऊन आले. बर्क स्ट्रीटवरचा पेलेग्रिनीज हा एस्प्रेसो बार १९५४ पासून आहे. म्हणजे तिथल्या माणसाला चांगली कॉफी आजोबांच्या काळापासून माहीत आहे.

याचा परिणाम बघा. स्टारबक्स २००० साली ऑस्ट्रेलियात आली. भरपूर भांडवल, मोक्याच्या जागा. २००८ मध्ये कंपनीला तिथली ६१ दुकानं बंद करावी लागली. जगात अनेक ठिकाणी चालणारी साखळी तिथे का अडली? कारण गल्लीतल्या कॅफेवाल्याला गिऱ्हाइकाचं नाव माहीत होतं, त्याची कॉफी माहीत होती आणि त्याच्याकडची चव आधीच चांगली होती. लोकांना न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर विकायला जाणं किती महागात पडतं, हे यातून शिका.

आता हाच धडा स्वतःला लावा. तुमच्या गावात लोकांना कसली अडचण आहे? 'इथे चांगली कॉफी मिळत नाही' ही अडचण किती लोकांची आहे? पाचशे जणांची, की तुमच्या मित्रांच्या ग्रुपमधल्या पाच जणांची? उत्तर 'पाच जणांची' असेल तर धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. पण मग गिऱ्हाईक घडवायला वेळ लागेल आणि तो वेळ काढण्याइतके पैसे बाजूला हवेत.

आत गेल्यावर ऑर्डर काय द्यायची?

बरेच जण इथेच अडखळतात. मेन्यूवर कॅपुचिनो सोडून काहीच ओळखीचं दिसत नाही. मेलबर्नला उपयोगी पडतील असे शब्द सांगतो.

शॉर्ट ब्लॅक म्हणजे आपण ज्याला एस्प्रेसो म्हणतो तो. लाँग ब्लॅक म्हणजे गरम पाण्यावर सोडलेला एस्प्रेसो. फ्लॅट व्हाइट म्हणजे एस्प्रेसोवर पातळ फेसाचं दूध. मॅजिक हे खास मेलबर्नचं. छोट्या कपात दाट डबल एस्प्रेसो आणि कमी दूध, म्हणून कॉफीची चव पुढे येते. फिल्टर म्हणजे कागदाच्या फिल्टरमधून गाळलेली काळी कॉफी. आपल्या दाक्षिणात्य फिल्टर कॉफीशी तिचं फक्त नाव जुळतं. बॅच ब्रू म्हणजे तीच गाळलेली कॉफी, एकदम मोठ्या भांड्यात करून ठेवलेली. लगेच मिळते.

माझा सल्ला असा. दोघं असाल तर एक दुधाची आणि एक फिल्टर मागवा. फिल्टर कॉफीत मालाची चव उघडी पडते, दुधाच्या कॉफीत हाताचं कौशल्य दिसतं. साखर घालण्याआधी दोन घोट घ्या. नंतर घाला, कुणी हसत नाही.

कॉफी आपल्या मानाने कोमट वाटेल. ती चूक नाही. दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्यापुढे दुधाचा गोडवा कमी होत जातो. कडक गरमच पाहिजे असेल तर 'एक्स्ट्रा हॉट' म्हणा.

दोन गोष्टी शिष्टाचाराच्या. गर्दी असताना काउंटरवर उभं राहून मुलाखत घेऊ नका, मागे ऑफिसला उशीर झालेली माणसं असतात. आणि काम करणाऱ्या माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ काढण्याआधी विचारा. तुमच्या दुकानात कुणी न विचारता गल्ल्यावर कॅमेरा धरला तर तुम्हाला चालेल का?

दुकानदाराच्या नजरेने बघायच्या पाच गोष्टी

पहिली : मेन्यूत काय नाही

मेलबर्नच्या लिटल बर्क स्ट्रीटजवळ पॅट्रिशिया नावाचं छोटं कॉफी शॉप आहे. त्याची दोन वैशिष्ट्यं सगळीकडे सांगितली जातात. बसायला खुर्च्या नाहीत, उभं राहून प्यायचं. आणि कॉफीचा मेन्यू तीन शब्दांचा : ब्लॅक, व्हाइट, फिल्टर. काळी, दुधाची, गाळलेली. झालं.

आता आपल्याकडच्या नव्या कॅफेचा मेन्यू आठवा. कॉफी, चहा, मॉकटेल, पास्ता, मोमोज, मंच्युरियन, पिझ्झा आणि शेवटच्या पानावर मिसळ. प्रत्येक पदार्थामागे कच्चा माल, फ्रीजमधली जागा, शिकलेला माणूस आणि फेकून द्यावा लागणारा माल असतो. वीस पदार्थांपैकी चौदा कधीतरीच विकले जातात, पण त्यांचा माल रोज आणावा लागतो.

छोटा मेन्यू ठेवायला हिंमत लागते, कारण काही गिऱ्हाइकांना 'आमच्याकडे नाही' म्हणावं लागतं. आपल्याला हे नवीन नाही. आपले जुने अमृततुल्यवाले चहाच्या जोडीला बोटावर मोजण्याइतक्याच गोष्टी ठेवून पिढ्यान् पिढ्या चालले. परदेशातला छोटा मेन्यू पाहून भारावून जायचं आणि घरी येऊन चार पानी मेन्यू छापायचा, असं करू नका.

दुसरी : सकाळी दुकान उघडल्यावर काय करतात

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एका गल्लीतल्या दुकानात मी सात वाजता, उघडताना गेलो. बरिस्ता मुलीने एक एस्प्रेसो काढला, चाखला आणि ओतून दिला. दळण थोडं बारीक केलं, दुसरा काढला, तोही ओतला. तिसरा चाखला, मान हलवली आणि मशीनला चिकटवलेल्या कागदावर तीन आकडे लिहिले : १९, ३८, २८.

अर्थ असा : १९ ग्रॅम कॉफी, त्यातून ३८ ग्रॅम एस्प्रेसो, २८ सेकंदांत. रोज हवा बदलते, भाजून किती दिवस झाले ते बदलतं, म्हणून रोज सकाळी आकडे नव्याने ठरवायचे. मग दिवसभर जो कुणी मशीनवर उभा राहील, त्याने तेच आकडे पाळायचे. मुरलेला माणूस असो की नवीन लागलेला पोरगा, कपात चव तीच.

आपल्याकडे चव मालकाच्या हातात असते. मालक लग्नाला गेला की चवही लग्नाला जाते! आणि मग आपणच म्हणतो, "माणसं चांगली मिळत नाहीत." माणसाला शिकवायला आधी ते कागदावर तर हवं. तीन आकड्यांचा तो कागद त्या दुकानातली सगळ्यात किमती गोष्ट होती. त्याला खर्च काय? एक वजनकाटा आणि एक घड्याळ.

तिसरी : मालाची जन्मकुंडली

पाकिटावर भाजल्याची तारीख लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायात बेडी घालणं आहे. एकदा तारीख छापली की जुना माल गिऱ्हाईक उचलत नाही. त्यामुळे थोडा थोडाच माल भाजावा लागतो आणि तो वेळेत विकावाच लागतो. म्हणजे ती तारीख गिऱ्हाइकाला जितकी सांगते, तितकीच मालकाला शिस्त लावते.

माझं स्वतःचं मसाल्याचं दुकान आहे. तिथून आल्यावर आम्ही कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर पॅकिंगच्या तारखेशेजारी दळल्याची तारीख आणि मिरची कुठली ते लिहायला लागलो. सुरुवातीला त्रासच झाला. आधी महिन्याचा माल एकदम दळायचो, आता आठवड्याला दळावा लागतो, गिरणीच्या फेऱ्या वाढल्या. पण काउंटरवरचं बोलणं बदललं. पूर्वी बायका विचारायच्या, "दुसरीकडे स्वस्त आहे, तुमचा का महाग?" आता विचारतात, "या आठवड्याचा आलाय का?" या दोन प्रश्नांतला फरक म्हणजे तुमचं मार्जिन.

गप्पांत विचारायला एक चांगला प्रश्न देतो : "भारतातली कॉफी ठेवता का?" कर्नाटकातल्या चिकमंगळूर, कोडगूची कॉफी बाहेर जाते. मान्सून्ड मलबार ही पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत मुरवलेली आपली कॉफी परदेशात नावाने ओळखली जाते. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. समोरचा भारतीय कॉफीबद्दल काय सांगतो ते ऐका. कदाचित तुमच्या पहिल्या पुरवठादाराचा पत्ता तुम्हाला परदेशातल्या काउंटरवर मिळेल.

चौथी : दुकान कधी बंद होतं

मेलबर्नची बरीच कॉफी शॉप्स सकाळी सातला उघडतात आणि दुपारी तीन-चारला शटर खाली. ऑफिसच्या भागातली काही तर शनिवार-रविवारी बंदच. पहिल्यांदा हे बघून आपल्याला वाटतं, 'काय आळशी लोक आहेत!' पण मग पगाराचा आकडा कळतो.

ऑस्ट्रेलियात किमान वेतन सरकार ठरवतं. १ जुलै २०२४ पासून ते ताशी २४.१० डॉलर होतं, त्यानंतर आणखी वाढलं. कायमस्वरूपी नसलेल्या कामगाराला त्यावर साधारण २५ टक्के जास्त द्यावे लागतात. मग ज्या तासाला गिऱ्हाईक नाही, तो तास उघडा ठेवणं म्हणजे खिशातून पैसे देणं. म्हणून ते विक्रीचे तास ओळखतात आणि तेवढेच तास पूर्ण ताकदीने चालवतात. रविवारी किंवा सणाच्या सुट्टीला पगार वाढतो, तेव्हा अनेक दुकानं बिलावर १० ते १५ टक्के जादा आकार लावतात आणि तसं दारातच लिहून ठेवतात. लपवाछपवी नाही.

आपण सकाळी आठ ते रात्री अकरा दुकान उघडं ठेवतो आणि त्याला मेहनत म्हणतो. एक महिना तासवार विक्री लिहून बघा. चार तास असे निघतील की त्यात लाइटबिलही सुटत नाही.

पाचवी : माणसं कशी हलतात

गर्दीच्या वेळी एका कोपऱ्यात उभं राहा आणि फक्त पाय बघा. ऑर्डर घेणारा, दूध तापवणारा, कप देणारा किती पावलं चालतो? चांगल्या दुकानात माणूस जागचा हलत नाही, फक्त वळतो. फ्रीज हाताखाली, कप डोक्यावर, पैसे घेणारा दाराकडे, तयार कप दुसऱ्या टोकाला. म्हणूनच डेग्रेव्हज स्ट्रीट आणि सेंटर प्लेससारख्या गल्ल्यांत खिडकीएवढी दुकानंही धंदा करतात.

मोबाइलमध्ये टायमर लावा. १५ मिनिटांत किती कप गेले? समजा २० गेले. म्हणजे तासाला ८०. किती माणसं कामाला आहेत? दोन. म्हणजे एका माणसामागे तासाला ४० कप. हा आकडा तुमच्या वहीत हवा. भिंतीचा रंग कोणता होता हे नंतर लिहा.

आता खरा प्रश्न : तिथला भाव इथे चालेल का?

लोक रुपयात हिशोब करतात. "तिथे साडेपाच डॉलरची कॉफी, म्हणजे तीनशेच्या वर! मग इथे अडीचशेला सहज जाईल." थांबा. रुपयात नको, मिनिटांत हिशोब करा.

साडेपाच डॉलरची कॉफी प्यायला ताशी २४.१० डॉलर मिळवणाऱ्या माणसाला जवळपास १४ मिनिटं काम करावं लागतं. म्हणून तो ती रोज पितो.

आता आपल्या तालुक्याच्या गावातला मुलगा घ्या. पगार १५,००० रुपये, महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास. म्हणजे तासाला ७२ रुपये. अडीचशेच्या कॉफीसाठी त्याला जवळपास साडेतीन तास काम करावं लागेल. तो रोज येईल का? वाढदिवसाला येईल.

तिथे जी रोजची सवय आहे, ती इथे प्रसंग आहे. सवयीवर चालणारं दुकान आणि प्रसंगावर चालणारं दुकान यांचं गणितच वेगळं. सवयीच्या दुकानाला छोटी जागा पुरते. प्रसंगाच्या दुकानाला बसायला जागा लागते, कारण माणूस दोन तास बसणार आणि एकच कॉफी घेणार.

तुम्हाला सवयीचं दुकान काढायचं असेल तर भाव गिऱ्हाइकाच्या १५-२० मिनिटांच्या कमाईजवळ आणता येतो का ते बघा. गिऱ्हाईक आयटीतलं असेल तर दीडशे-दोनशेही त्यात बसतील. एमआयडीसीतला कामगार असेल तर बसणार नाहीत. दोन्ही धंदे चांगले आहेत, फक्त आपण कुठल्यात आहोत ते बोर्ड लावायच्या आधी कळलं पाहिजे.

एका कपाचं कॉस्टिंग

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून परत मांडा.

विक्री भाव, जीएसटी सोडून : १८० रुपये.
कॉफी १८ ग्रॅम, किलोला १,२०० रुपये भावाने : २२ रुपये.
दूध १८० मिली : १२ रुपये.
कप, झाकण, साखर, वाया गेलेला माल : १४ रुपये.
एकूण थेट खर्च : ४८ रुपये.
एका कपामागे उरले : १३२ रुपये.

"वा, १३२ रुपये नफा!" नाही. हा नफा नाही. यातून अजून दुकान चालवायचंय.

समजा भाडं, दोन माणसांचे पगार, वीज, हप्ते, किरकोळ मिळून महिन्याचा ठरलेला खर्च १,५०,००० आहे. १,५०,००० भागिले १३२ म्हणजे १,१३७ कप. रोजचे ३८ कप विकले की तुम्ही शून्यावर. तुमच्या घरखर्चाचे ४०,००० त्यात धरले तर रोजचे ४८ कप. पावसाळ्यातही, परीक्षेच्या दिवसांतही, श्रावणातल्या सोमवारीही.

आता भिंतीकडे येऊ. परदेशी लुकसाठी तुम्ही १० लाखांचं जादा कर्ज काढलं. १२ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण २२,२४४ रुपये. भागिले १३२. महिन्याला १६९ कप, म्हणजे रोजचे जवळपास सहा कप. पाच वर्षं, रोज सहा गिऱ्हाइकं यायची ती फक्त त्या भिंतीचे पैसे फेडायला!

हे सहा कप ती भिंत स्वतः आणून देणार असेल तर जरूर बांधा. काही जागी देतेही. कॉलेजच्या समोर फोटो काढायला मुलं येतात, खोटं का बोला. पण हा प्रश्न इंटेरियरवाल्याच्या ऑफिसमध्ये बसून नाही, वही समोर ठेवून विचारायचा.

काय आणायचं, काय तिथेच सोडायचं

आणण्यासारख्या गोष्टी : वजनकाट्याची सवय. रोजचे आकडे लिहायचा कागद. छोटा मेन्यू. मालाची तारीख आणि गाव सांगायची पद्धत. काउंटरची रचना. गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवणं. आणि 'हे काय असतं?' असं विचारणाऱ्याला न हसता, दोन वाक्यांत उत्तर देणं. यांतल्या बहुतेक गोष्टींना पाच हजारांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

तिथेच सोडायच्या गोष्टी : तिथला भाव. तिथल्या वेळा, कारण आपल्याकडे संध्याकाळचं गिऱ्हाईक मोठं आहे. काही लाखांचं इटालियन मशीन पहिल्याच दिवशी घ्यायचा हट्ट. आणि मेन्यूवरचे असे शब्द, जे उच्चारताना गिऱ्हाइकाला लाज वाटेल. ज्याला ऑर्डर देताना भीती वाटते तो परत येत नाही. 'काळी', 'दुधाची', 'गाळलेली' हे शब्द कुणालाही वाचता येतात.

आणि डोळे उघडे ठेवा, संधी कपाच्या बाहेरही असते. मेलबर्नमध्येच कॅफे चालवणाऱ्या एका बहीण-भावाला रोज फेकल्या जाणाऱ्या कागदी कपांचा ढीग खटकला. त्यांनी कॉफी मशीनखाली बरोबर बसेल असा, पुन्हा वापरता येणारा कप बनवला. २००९ मध्ये बाजारात आलेला तो कीपकप आज जगभर विकला जातो. तुमच्या भागात दहा नवीन कॅफे उघडत असतील तर अकरावा काढण्यापेक्षा त्या दहांना लागणारं काहीतरी पुरवणं जास्त शहाणपणाचं असू शकतं : ताजं दूध, बेकरीचा माल, मशीनची दुरुस्ती, शिकलेली मुलं. दहातले चार बंद पडले तरी तुमची सहा गिऱ्हाइकं उरतात.

तुमचा गृहपाठ

परदेशात जाणार असाल तर एकाच दुकानात दोनदा जा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी गर्दीत, एकदा दहा-अकराच्या निवांत वेळी. गर्दीत मोजायचं, निवांत वेळी बोलायचं. वहीत या सात ओळी भरा :

१. मेन्यूत एकूण किती प्रकार?
२. १५ मिनिटांत किती कप गेले, किती माणसांनी केले?
३. ऑर्डर दिल्यापासून कप हातात येईपर्यंत किती मिनिटं?
४. शंभरातले किती जण बसले, किती जण घेऊन गेले?
५. पाकिटावर मालाबद्दल काय काय लिहिलंय?
६. कर्मचारी काय मोजतात आणि कुठे लिहितात?
७. तिथल्या साध्या माणसाच्या किती मिनिटांच्या कमाईत एक कप येतो?

परदेशात जाणार नसाल तर उद्या सकाळी तुमच्या गावातल्या सगळ्यात चालणाऱ्या चहाच्या टपरीवर हीच वही घेऊन उभे राहा. सात ओळी त्याच. पाचव्या ओळीत पाकीट नसेल तर चहावाल्याला विचारा, दूध कुठून येतं आणि पावडर कुठली. विमानाचं तिकीट वाचेल आणि शिकायला तितकंच मिळेल.

एकच विनंती. घरच्यांचे पैसे धंद्यात घालण्याआधी त्यांना फोटो दाखवू नका, ही वही दाखवा. वडिलांना कॉफीतलं काही कळत नसेल, पण रोज किती कप विकले तर हप्ता सुटतो हे त्यांना एका मिनिटात कळेल. आणि कदाचित तेच तुम्हाला असा एखादा प्रश्न विचारतील, जो मलाही सुचला नाही.

वही भरलीत की सातव्या ओळीचं उत्तर मला नक्की कळवा. तुमच्या गावात एक कप कॉफी किती मिनिटांची आहे? पुढच्या व्हिडिओत तुमच्यापैकी काही जणांच्या आकड्यांवर आपण मिळून कॉस्टिंग करू.

भेटू लवकरच. तोपर्यंत मोजत राहा!